रवी तायडे आणि पुण्याचा चष्मा

शेलूबाजारच्या चौकात रवी तायडेचा आवाज प्रसिद्ध होता. "मंगरूय, मंगरूय, मंगरूय" अशी त्याने हाळी दिली की टपरीवर चहा पिणारी, एसटीची वाट पाहणारी आणि मंगरुळपीरला ज्यांचं काडीचंही काम नाही अशीसुद्धा माणसं मान वळवून बघायची. काळ्यापिवळ्या जीपमध्ये नऊ जण बसतात, हे सरकारचं मत होतं. रवीचं मत वेगळं होतं, आणि चौकात रवीचंच चालायचं. त्याचे वडील पंजाबराव एसटीत वाहक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म ज्या एसटीने पोसलं, तिचेच प्रवासी पोरगा पळवतो, हे दुःख ते रोज सकाळी त्याच पोराच्या हातचा चहा पीत बोलून दाखवायचे.

तर अशा या आवाजाला वळली नाही ती एकच मान. ती रवीच्या पोटच्या पोरीची, धम्मदीपाची.

आधी सगळ्यांना वाटलं, पोरगी बहिरी आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान अव्वल आहेत. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे अजिबात पाहिलं नाही, आणि त्यावरून निदान झालं: स्वमग्नता. रवी तो शब्द घरी येईपर्यंत दोनदा विसरला आणि दोन्ही वेळा बायकोला, रूपाला, विचारून घेतला.

पंजाबरावांना मात्र तो शब्द फार आवडला. विहाराच्या कमिटीवर असल्यामुळे अशा शब्दांचा अर्थ लावणं ते आपलं काम समजत. "स्वमग्न म्हणजे सोतात मग्न," ते म्हणाले. "यात बिमारी काय हाय? लोकं विपश्यनेले दूर दूर जातात, दहा दहा दिवस तोंड बंद ठेवतात. आपली पोरगी घरबसल्या करून राह्यली."

गावाने आपला हातभार लावला. कोणी जिभेखाली मध चोळायला सांगितलं, कोणी मोबाइल बंद करायला सांगितलं, कोणी मोबाइल द्यायला सांगितलं. शेजारच्या सुंदरबाईंनी तर रूपाला समोर बसवून विचारलं की बाळंतपणात तू काय खाल्लं होतंस. रूपा इंझोरी गावची, बोलायला तिखट. तिने सांगितलं, "लोकायची बोलणी." त्यानंतर सुंदरबाई महिनाभर फिरकल्या नाहीत. रूपाच्या मते, आतापर्यंतच्या सगळ्या उपायांत एवढाच एक लागू पडला होता.

धम्मदीपा आठ वर्षांची झाली तेव्हा शाळेत तिची जागा ठरून गेली होती. शेवटची ओळ, खिडकीजवळ, एकटी. शिक्षक तिला काही विचारत नसत आणि ती त्यांना त्रास देत नसे. ही व्यवस्था दोघांनाही मान्य होती. "तिचं लक्षच नसते," अशी तक्रार रवीच्या कानावर अधूनमधून यायची. ती तो एका हाताने स्टेअरिंग धरून, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुढचा प्रवासी हेरत ऐकायचा आणि खिन्न होऊन म्हणायचा, खरंय, लक्षच नसते.

मग आठवड्यातून एकदा शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका रंजीता मॅडम एक बातमी घेऊन आल्या. पुण्याची एक संस्था मंगरुळपीरला एक प्रकल्प सुरू करत होती. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवायचा, की आत एक आख्खं जग दिसतं. वर्ग दिसतो, बाजार दिसतो, रस्ता दिसतो. मान वळवाल तिकडे ते जग वळतं. त्यात खेळता खेळता स्वमग्न मुलांचं लक्ष टिकायला लागतं. मॅडमनी हेही सांगितलं की ही जादू नाही, काही मुलांना उपयोग होतो, काहींना होत नाही. रवीने यातला "उपयोग होतो" एवढाच भाग ऐकला आणि दुसऱ्या दिवशी चौकात जाहीर केलं की पोरगी आता पुण्याच्या चष्म्याने दुरुस्त होणार.

उद्घाटन झोकात झालं. कर्कश आवाजाने बिथरणाऱ्या मुलांचा प्रकल्प असल्यामुळे पाहुण्यांचं स्वागत ढोलताशाने करण्यात आलं. मंगरुळपीरच्या एका शाळेची रिकामी खोली रंगवली होती, दारात फुगे होते, एक फुगा फुटला तेव्हा तीन मुलं टेबलाखाली गेली. धम्मदीपा दोन्ही कानांवर हात ठेवून आईच्या पदरात शिरली आणि दोन भाषणं होईपर्यंत तिथून निघाली नाही. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा स्वतः घालून पाहिला. आतल्या बाजारातला टमाटा उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि शेजारच्या बाईंच्या डोक्यावरचा गजरा उचलला. त्यांच्यानंतर दुसऱ्या पाहुण्यांना मोह आवरला नाही, मग तिसऱ्यांना. मुलांची पाळी आली तेव्हा बॅटरी संपली होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोंड उघडं टाकून हवेत चाचपडणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचा फोटो आला, खाली ओळ होती: लक्ष सुधारण्यासाठी नवे तंत्रज्ञान. ज्यांना प्रकल्प ठाऊक नव्हता त्यांना वाटलं, साहेबांवर उपचार सुरू झाले, आणि बऱ्याच जणांना ते योग्यही वाटलं.

प्रकल्प चालवायला पुण्याहून उत्कर्ष नावाचा तरुण आला होता. पोरगा सालस होता. त्याच्या टॅबलेटवर प्रत्येक मुलाचे आलेख निघत, आणि मुलाला चष्म्यात जे दिसतं ते आणि त्याची नजर कुठे आहे तेही त्यावर बाहेर दिसत असे. सत्र दर बुधवारी असे, पण पहिले काही बुधवार धम्मदीपाचा आलेख कोराच राहिला, कारण ती तो चष्मा डोक्याला लावूच देईना. तिला वेणीतली रिबीन खपत नसे, तिथे हे धूड कुठून खपणार? चष्मा जवळ आणला की ती किंचाळायची. उत्कर्ष म्हणायचा, घाई नको. रवीला घाई होती. दर बुधवारी एक आख्खी फेरी बुडवून तो येत होता.

तोडगा रूपाने काढला. तिने चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, मागे नाडी लावून एक खोटा चष्मा केला आणि फर्मान काढलं की घरात सगळ्यांनी तो आळीपाळीने घालायचा. रवीने दोन मिनिटं घातला. पंजाबरावांनी मात्र नातीसाठी कंबर कसली. ते रोज संध्याकाळी ओट्यावर डोळ्यांवर खोकं बांधून बसू लागले. येणारे जाणारे थांबून विचारायचे, मोतीबिंदू झाला काय? पंजाबराव गंभीरपणे सांगायचे, "नाई, ट्रेनिंग चालू हाय." काही दिवसांनी धम्मदीपाने आजोबांच्या डोळ्यांवरचं खोकं ओढून घेतलं आणि स्वतःच्या तोंडावर उलटं धरलं. नंतर सुलटं. पुढच्या बुधवारी तिने खरा चष्मा घालू दिला.

आता रवीला मार्कांचे वेध लागले. चष्म्यात एक वर्ग होता, फळ्यापाशी एक मॅडम होत्या, आणि त्या बोट दाखवतील तिकडे मुलाने पाहायचं होतं. पाहिलं की गुण. धम्मदीपाला शंभरात अकरा मिळाले. पुढच्या वेळी नऊ. रवी खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून मोबाइलवर जीपची भांडणं मिटवत बसायचा आणि शेवटी मान वर करून विचारायचा, किती पडले? आकडा ऐकला की तोंड पाडून तो पोरीकडे अशा नजरेने बघायचा, जणू त्याने स्वतः बारावी दुसऱ्या प्रयत्नात नव्हे तर जिल्ह्यात पहिला येऊन काढली होती.

एका बुधवारी त्याच्या मोबाइलने मान टाकली. उत्कर्षला पुण्याहून फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि जाताना "दोन मिनिटं लक्ष ठेवा" म्हणून टॅबलेट रवीच्या हातात देऊन गेला. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे रवी तायडेने त्या दिवशी पहिल्यांदा आपली पोरगी काय बघते ते पाहिलं.

फळ्यापाशी मॅडम हातवारे करत होत्या. धम्मदीपाची नजर तिथे नव्हती. ती वर्गाच्या खिडकीवर होती आणि तिथून हलत नव्हती. रवीला वाटलं, झालं, गेली पोरगी तंद्रीत. तेवढ्यात खिडकीतून एक कबुतर आत आलं, वर्गावरून तिरकं उडालं आणि समोरच्या भिंतीत शिरून गडप झालं. नजर कबुतराबरोबर भिंतीपर्यंत गेली, क्षणभर तिथे थांबली, आणि शांतपणे पुन्हा खिडकीवर येऊन बसली. बऱ्याच वेळाने कबुतर पुन्हा आलं. पुन्हा तसंच. रवीने खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्या वेळी कबुतर येण्याच्या किंचित आधी धम्मदीपाने मान उचलली, आणि ते आलं.

पोरगी वाट पाहत होती. वाट पाहणं म्हणजे काय ते रवीला कोणी शिकवायला नको होतं. अर्धी जीप भरून चौकात तासन् तास तो दुसरं काय करत होता? फक्त तिच्याइतकं मन लावून त्याने ते कधी केलं नव्हतं.

उत्कर्ष आत आला तेव्हा रवी टॅबलेटमध्ये नाक खुपसून बसला होता. त्याने विचारलं, हे कबुतर कायले ठेवलं? उत्कर्षने समजावलं की ते मुद्दाम ठेवलंय, मुलाचं लक्ष विचलित करायला. तरीही मुलाने मॅडमकडे पाहिलं, तर लक्ष चांगलं.

"म्हणजे कबुतर तुमीच सोडलं," रवी म्हणाला, "तिनं ते पाह्यलं, आन् मार्क तिचे कापले?"

उत्कर्ष हसला, पण त्याने माघार घेतली नाही. "दादा, तुम्ही ड्रायव्हर आहात. उद्या ही रस्त्यावर कबुतर बघत चालली आणि समोरून ट्रक आला तर?" वादात अडकला की रवी सहसा आवाज चढवायचा, पण त्या खोलीत आवाज चढवायला बंदी होती.

त्यानंतर उत्कर्षने तिला वर्गातून काढून रस्त्याच्या खेळात घातलं. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, गाड्या येतात, त्या थांबल्या की पलीकडे जायचं. इथे धम्मदीपाची नजर गाड्यांच्या चाकांना चिकटली. रंग नाही, हॉर्न नाही, ड्रायव्हर नाही, फक्त फिरणारी चाकं. पण चाकं बघायला रस्त्याकडेच बघावं लागतं, म्हणून गुण चढू लागले. ज्या दिवशी ते साठाच्या वर गेले त्या दिवशी रवीने चौकात पेढे वाटले. उत्कर्षने बजावलं होतं की हे चष्म्यातलं आहे, बाहेरचा रस्ता अजून हात धरूनच ओलांडायचा. रवीने यातला "साठाच्या वर" एवढाच भाग ऐकला.

पेढे खाताना प्रेमसिंग म्हणाला, "खरंच समजते का तिले आता?" प्रेमसिंगची जीप रवीच्या जीपमागे लागायची, आणि दोघांचं नातं प्रवाशावरून भांडायचं आणि डब्यातली भाजी वाटून घ्यायचं असं होतं. प्रश्न साधा होता. पण मागे चार ड्रायव्हर ऐकत उभे होते, आणि रवीला प्रेक्षक मिळाले की आवरत नसे. तो म्हणाला, दाखवतोच. जीपमध्ये बसलेल्या धम्मदीपाला घेऊन तो हायवेच्या कडेला गेला आणि त्याने तिचा हात सोडला.

समृद्धी महामार्गावरून उतरलेला एक ट्रक वळण घेऊन येत होता. त्याची चाकं मोठी होती, चष्म्यातल्या कुठल्याही चाकांपेक्षा मोठी आणि खरी. धम्मदीपाने ती पाहिली आणि ती थेट त्यांच्याकडे चालत निघाली. रवीने आयुष्यभर कमावलेला आवाज लावून हाक मारली. चौकातल्या सगळ्या माना वळल्या. तिची वळली नाही. प्रेमसिंगने झेप घेऊन तिचा फ्रॉक मागून धरला आणि तिला घेऊन तो मातीत पडला. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. कोणी अचानक हात लावलेला न चालणारी ती पोरगी नंतर कितीतरी वेळ किंचाळत राहिली, आणि रवी पेढ्याचा रिकामा बॉक्स हातात धरून उभा राहिला.

रूपाला बातमी त्याच्याआधी पोचली होती. तिने पोरीचा खरचटलेला गुडघा धुतला, तिला तिच्या कोपऱ्यात बसू दिलं आणि मग नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चष्म्यातली गाडी थांबते, कारण ते पुण्यातल्या पोरायनं बनवली," ती म्हणाली. "तुले मार्क पाह्यजे होते, पोरगी नाई. जाय, अजून पेढे वाट."

रवी जेवला नाही. पुढचे काही दिवस चौकात रवीची हाळी निघेना. प्रवासी आपणहून येऊन बसत, जीप नेहमीसारखीच भरे, आणि गळा फाडून आपण एवढी वर्षं नेमकं काय केलं, असा एक गैरसोयीचा प्रश्न त्याला पडू लागला.

बुधवारी त्याने उत्कर्षला सगळं सांगितलं. पोरगा पांढरा पडला. रागावेल असं रवीला वाटत होतं, पण तो म्हणाला की चूक माझीही आहे, मी तुम्हाला आकडे द्यायलाच नको होते. मग दोघं टॅबलेट घेऊन बसले. रवीने विचारलं, ती चाकच पाहते, तं चाकच शिकवता येईल का? गाडीकडे बघ, सिग्नलकडे बघ, बाबांकडे बघ, हे सगळं राहू दे. चाक फिरते तं थांब. चाक थांबलं तं चाल. उत्कर्ष म्हणाला, इथे शिकवून बघू, पण बाहेर तुम्हालाच शिकवावं लागेल, खऱ्या गाडीने, हळू, रोज.

मग आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात सकाळी पहिल्या फेरीआधी एक विचित्र कवायत सुरू झाली. प्रेमसिंग आपली जीप मुंगीच्या चालीने आणायचा. रवी पोरीशेजारी उकिडवा बसायचा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि दोघं चाकाकडे बघायचे. चाक फिरायचं तोवर रवी म्हणायचा, थांब. चाक थांबलं की म्हणायचा, चाल. प्रेमसिंग कुरकुरायचा की वीस वर्षं गाडी हाकली पण बैलगाडीपेक्षा हळू कधी नाही. तरी तो रोज यायचा. ज्या माणसाला दोन मिनिटं एका जागी नजर ठेवता येत नसे, तो रवी तायडे रोज सकाळी एका टायरकडे टक लावून बसायला शिकला. सुंदरबाईंनी रूपाला येऊन विचारलं, आता नवऱ्यालाही झालं काय? रूपा म्हणाली, "हो. बरं होऊन राह्यलं."

कित्येक आठवडे काहीच घडलं नाही. मग एका सकाळी प्रेमसिंगने ब्रेक दाबला आणि रवीने तोंड उघडण्याआधी शेजारून आवाज आला, "चाल." रवीने तोंड मिटलं. त्याला रडू आलं, आणि प्रेमसिंगला दिसू नये म्हणून तो टायरची हवा तपासत बसला. प्रेमसिंगने आपल्या जीपची चारही चाकं त्याला तपासू दिली.

प्रकल्पाची मुदत संपली. खोलीला कुलूप लागलं, फुगे केव्हाच बसले होते. उत्कर्ष जाताना तायड्यांच्या घरी जेवून गेला. त्याने ताटावर कबूल केलं की चष्म्यामुळे किती झालं आणि तुमच्यामुळे किती, हे त्याला सांगता येणार नाही. पुण्यातल्या अहवालाला मात्र ते सांगता आलं. रंजीता मॅडमनी तो नंतर घरी येऊन वाचून दाखवला: सहभागी बालकांच्या लक्षात सरासरी अठ्ठेचाळीस टक्के सुधारणा. रूपाने पोळी लाटता लाटता विचारलं, "अठ्ठेचाळीस म्हणजे, वरची अर्धी का खालची?" मॅडमनाही हसू आवरलं नाही.

उन्हाळा लागला. रवी आता फेरीवर कधीकधी पोरीला बरोबर नेऊ लागला होता. त्या दिवशी जीप भरली होती, उन्हाने माणसं शिजत होती, आणि रवी धम्मदीपाला घेऊन रस्त्याच्या अलीकडून जीपकडे यायला निघाला. रस्ता मोकळा होता. रवीने पाऊल टाकलं, पण पोरगी जागची हलली नाही. रवीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एकही गाडी नव्हती. मग तो तिच्या उंचीला वाकला. समोर, जीपच्या बाजूलाच, रसवंतीचं मोठं चाक घुंगरं वाजवत गरगर फिरत होतं.

चाक फिरते तं थांब. पोरीने बापाचं ऐकलं होतं. आजवर एवढं तंतोतंत त्याचं कोणीच ऐकलं नव्हतं, बायकोने तर नाहीच.

त्याने तिला उचलून नेलं असतं तर काम झालं असतं, आणि सकाळच्या सगळ्या कवायतीवर पाणी पडलं असतं. म्हणून तोही थांबला. जीपमधून ओरडा सुरू झाला. रवी तिथूनच म्हणाला, चाक थांबू द्या. कोणालाच काही कळलं नाही. रसवंतीवाल्याला त्याने हात करून मशीन बंद करायला सांगितलं. समोर गिऱ्हाईक असताना मशीन बंद करायला तो काय वेडा होता? शेवटी मधल्या सीटवरची एक बाई वैतागून खाली उतरली. उन्हात नुसतं बसण्यापेक्षा बरा म्हणून तिने रस मागवला. तिचं पाहून तिचा नवरा उतरला, मग मागचे, मग टपावरचे. जितके प्रवासी रस पीत होते तितकं चाक फिरत होतं, आणि चाक फिरत होतं म्हणून बाकीचे रस प्यायला उतरत होते. रवी हे सगळं रस्त्याच्या या बाजूने बघत होता आणि काही करू शकत नव्हता. पोरगी त्याच्या शेजारी निवांत उभी होती. या वेळी तिने त्याचं एक बोट धरलं होतं. कधी धरलं ते त्याला कळलंच नाही, आणि आता तो हलायला तयार नव्हता.

सगळ्यांचे ग्लास रिकामे झाले. रसवंतीवाल्याने खटका ओढला. चाक सावकाश होत होत थांबलं.

"चाल," धम्मदीपा म्हणाली, आणि बापाला घेऊन रस्ता ओलांडून गेली. मंगरुळपीरची जीप त्या दिवशी बरीच उशिरा सुटली, आणि वाटेत रसामुळे लघवीला लागलेल्या प्रवाशांसाठी तिला दोनदा थांबावं लागलं.